पांदणींची वही

सहा दिवस शिलाई मशीनचं पायडल,
रविवारी सायकलचं.
सायकल लेकीची, शाळेतून फुकट मिळालेली, निळी.
ती नर्सिंगला नागपूरला गेली
तशी आठ महिने न्हाणीच्या भिंतीला टेकून होती.
घंटी वाजत नाही. मी तोंडानंच ट्रिंग म्हणते,
बकऱ्या तेवढ्यावर बाजूला होतात.

मार्गशीर्ष लागला तेव्हा ठरवलं,
तालुक्यातल्या सगळ्या पांदणी पाहायच्या.
सगळ्या म्हणजे किती?
तलाठी म्हणाला, नकाशात एकशे अकरा,
जमिनीवर किती ते तुम्हीच सांगा.

वही मापांचीच. समोरून पोलकी: छाती, कंबर, बाही.
उलटी केली की मागून पांदणी.

रोहणखेड ते बोरी. सव्वातीन किलोमीटर.
काळी माती, भारी.
दिवाळीआधी गाड्या रुतल्या, तशाच वाळून दगड झालेल्या.
बूड दुखलं.
हिवराखाली रोह्यांचा कळप. पळाले नाहीत.
मीच थांबले, पाहुण्यासारखी.

पिंपळझरी. लाल मुरूम, उतार मोठा.
दोन्ही पाय वर घेतले. कोणी नव्हतं.
पुन्हा यायचं.

खैरी. अर्धीच.
पुढं कोणीतरी धुरा फोडून पांदण नांगरून घेतली,
वर हरभरा पेरला, छान आलाय.
त्याच्या बायकोचं पोलकं माझ्याकडेच आहे शिवायला.
दंडात घट्ट करावंसं वाटलं.
नाही केलं.

नाल्यातली, नाव नाही. रेती, उतरून ढकलावी लागते.
पाण्यात टाचा बुडाल्या तर गारठा थेट कानात.
तिथं गुणवंता उईके दगडाखालचे खेकडे धरत होता.
'कुठी चालल्या बाई?'
'कुठी नाही. पांदण पाह्यला.'
त्यानं मान हलवली,
जसं काही मी दळण आणायला चालले.
मग म्हणाला, वरची पाहा. टेंभरुणापासून डाव्या हातानं.
तिकडून आता कोणी जात नाही.

बहिणीचा पोरगा कॅनडात आहे.
त्यानं व्हिडिओ धाडला: बर्फात पाडलेल्या दोन घळी,
पायाला पट्ट्या बांधून माणसं त्यातून सरकत जातात.
म्हणे, मावशी, दर रविवारी नवीन गावची वाट.
मी म्हटलं, अरे, चाकोरीच ना ही!

बचतगटाच्या मॅडम सांगून गेल्या,
बायांनो, चाकोरी सोडा.
मॅडमनं चाकोरी पाहिली नसेल.
बैलगाडीची वीतभर असते, तळ घोटून गुळगुळीत,
चाक बसलं की हँडल सोडून पदर खोचता येतो.
ट्रॅक्टरची हातभर. तिच्यात सायकल डुलते, दारू प्यायल्यासारखी.
आणि प्रत्येक गावची वेगळी असते,
जशी प्रत्येकीच्या खांद्याची उतरण.

पोरानं विचारलं, तुमच्याकडं बर्फ कुठाय?
मी बोरगावच्या पांदणीचा फोटो धाडला.
जिनिंगला गेलेल्या गाड्यांतून उडालेला कापूस
दोन्ही बाजूंच्या बाभळींना, बोरींना, चिल्हारीला
काट्याकाट्यावर अडकलेला.
त्यानं अजून उत्तर दिलं नाही. तिकडं रात्र असेल.

काल टेंभरुणाची पाहिली.
गवत कमरेएवढं, दव इतकं की लुगडं पिळावं.
चाकोरी दिसत नव्हती.
सायकल आडवी टाकली, वाकून गवतात हात घातला,
तर होती. दोन्ही होत्या.
गाडीच्या रुंदीएवढं अंतर राखून, खाली, थंडगार.
कितीतरी वेळ तशीच वाकून चालले
मुंगसामागं लागलेल्या पोरीसारखी.
कुठं निघते ते कळलं नाही. धुकं होतं.

वहीत लिहिलं: सत्ताविसावी. अंतर माहीत नाही.

समोरून पोलकी, मागून पांदणी,
वही दोन्हीकडून भरत आली.
मधात चार पानं उरलीत,
आणि संक्रांतीची शिलाई अजून यायचीच आहे.