चिमणीचे दात

जानेवारी. लष्करातल्या बालवाडीत
धुक्यामुळे अर्धीच मुलं.
तन्मेषच्या मुठीत गजक,
घरून आणलेली, एकच वडी.

"अर्धी झुबेरला दे," मी म्हटलं.
मूठ पाठीमागे गेली.
"मेरावाली आहे ती, बाई."
मी भिंतीवरचा तक्ता दाखवला:
वाटून खाणाऱ्याला चांदणी.
त्यानं चांदणी पाहिली, मग वडी.
वडी जास्त चमकत होती.

सोडून दिलं. हजेरी भरायला बसले.

तर खिडकीखाली, माझ्याकडे पाठ करून,
स्वेटरची कड वडीवर ओढून
तो चावत होता, चिमणीच्या दातांनी.
कुणी शिकवलं? मी नाही.
मोठ्या बहिणीनं असेल, पेरू तोडताना.

पण गजकच ती. कडकन फुटली,
निम्मी भुगा होऊन लोकरीत अडकली.
झुबेर तीळ वेचू लागला
त्याच्या पोटावरून, एकेक,
आणि तन्मेष गुदगुल्यांनी हसत
पोट पुढे काढून उभा.

झुबेरच्या मागे मंजिष्ठा येऊन थांबली,
तिच्या मागे नाक ओढत धाकटा कदम.
रांग.
महिनाभर मी शिकवत होते
रांग लावायला.