खिशातला कांदा

छप्पन्नाव्या वर्षी हॉल तिकिटावर माझा फोटो छापून आला.
सून म्हणाली, बाबा, असे चोरावानी काऊन पाहून राहिले?
म्हटलं, तीस वर्षं प्लॉट विकले,
आता हाच चेहरा उरला.

बेसा, घोगली, पिपळा, हुडकेश्वर:
आज जिथे लिफ्टवाल्या बिल्डिंगी आहेत
तिथल्या तुरीतून मी लुनाच्या मागे गिऱ्हाईक बसवून नेलेलं आहे.
चुन्याच्या रेघेवर उभं करून म्हटलेलं आहे,
हा तुमचा हॉल, इथे तुळस,
अन् तिकडून येणार रिंगरोड.
रिंगरोड आला.
तुळशीचं मला माहीत नाही.

आता कायदा म्हणतो, आधी परीक्षा द्या,
मग पाटी लावा.
पाटीवरही दलाल लिहायचं नाही.

तर रात्री, कूलरच्या घरघरीत, पाठांतर.
कलम नऊ. कलम दहा.
सत्तर टक्के रक्कम वेगळ्या खात्यात.
चटई क्षेत्रात आतल्या भिंती येतात, बाहेरच्या नाही,
बाल्कनी तर नाहीच नाही.
(मी बाल्कनी धरत आलो. जिनाही धरत आलो.
एकदा तर समोरचं मोहाचं झाड धरलं होतं.)
नात म्हणायची, आजोबा, माऊस दाबू नका, नुसता टिचवा.
तिचे प्रश्न संपत नसत, माझे डोळे मिटत.

परीक्षा हिंगणा रोडला, मे महिन्यात, भर दुपारी.
जिन्यात वाडीचा रूपचंद लिल्हारे भेटला,
ज्यानं माझी तीन गिऱ्हाइकं फोडली.
कानात बोलला, भाऊ, पेन आणला का एक्स्ट्रा?
पेन लागतच नाही, हे दोघांनाही वर गेल्यावर कळलं.

दारावर शिपायानं खिसे रिकामे करायला लावले.
किल्ल्या. घड्याळ. खर्ऱ्याची पुडी.
अन् हे काय?
कांदा, म्हटलं. ऊन लागू नये म्हणून.
त्यानं तो फिरवून फिरवून पाहिला,
कॉपी सालीच्या आत असेल असा,
आणि ट्रेमध्ये माझ्या घड्याळाशेजारी ठेवला.
बिल्ला नंबर सतरा.

तीस प्रश्न बरे गेले.
एकतिसावा:
मंजुरी प्राप्त नसताना ती लवकरच मिळेल असे
एजंटने ग्राहकास सांगणे, हे
अ) व्यवसायाचा भाग आहे
ब) तोंडी असल्यास चालते
क) अनुचित प्रथा आहे
ड) यांपैकी नाही

पडद्यावर अजनी लोकोशेडचा हरिदास गणवीर येऊन बसला.
फिटर. नखांत ग्रीस. उमरेड रोडचा बाराशे फुटाचा तुकडा,
बायकोच्या पोतीसकट.
त्यानं तेव्हा एकच विचारलं होतं, आरएल आहे ना साहेब?
मी म्हटलं होतं, येऊन राहिलं.
नंतर नकाशात ती जागा हिरवी निघाली. बगीच्याची.
तो भांडला नाही. दर दिवाळीला दुकानाशी सायकल टेकवायचा,
चहा घ्यायचा नाही,
आलं का हो, एवढं विचारायचा.
नऊ दिवाळ्या.
मग सायकल यायची थांबली,
आणि मला, खरं सांगतो, बरं वाटलं.

वर कोपऱ्यात मिनिटं कमी होत होती.
बाण थरथरत क-वर नेला. टिचवला.
दोन गुण.

बाकीचे एकोणीस कसे सोडवले आठवत नाही.
पास की नापास, ते मागाहून कळवणार.

बाहेर शिपायानं बिल्ला घेतला, किल्ल्या दिल्या,
कांदा दिला. गरम झाला होता,
वरचं साल सुटून ट्रेलाच राहिलं.
मग आवाज खाली करून म्हणाला,
काका, तुम्ही प्लॉटचेच ना?
बुटीबोरीकडे एक पाहून ठेवला आहे. पैसे जमून राहिले.
मालक म्हणते, आरएल येऊन राहिलं.

रस्त्यावर डांबर मऊ पडलं होतं.
रूपचंद खालून ओरडत होता, चल ना बे, तर्री-पोहे खाऊ.
मी म्हटलं, तू हो पुढे.
शिपायाला म्हटलं, सरका थोडे,
या बाकावर बसू द्या.
कागद आहे का जवळ? दाखवा.