कोरा कागद

मांगोर हिलच्या उतारावर, पिएदाद बाईंच्या गच्चीत
यंत्र ठेवलंय: ॲल्युमिनियमचं, आठ मजली,
उंचीला पाण्याच्या तांब्याहून थोडंसंच जास्त.
खाली पंप. मिनिटाला अठ्ठावीस लिटर हवा,
स्वस्थ बसलेल्या चार माणसांचा श्वास
हे एकटं घेतं, चोवीस तास, न खोकता.

प्रत्येक मजल्याला भोकं,
वर मोठी, खाली जाल तशी बारीक.
बघणाऱ्याला चाळण वाटते, पण इथे कुणी गाळत नाही,
हवेला फक्त एक वळण घ्यायला लावतात.
जड कणाला वळता येत नाही,
तो सरळ जातो, तबकडीवर आपटतो.
हलका वळतो, खालच्या मजल्यावर उतरतो,
तिथे वेग अधिक, वळण अवघड.

नऊ मायक्रॉन: रस्त्याची तांबडी माती.
पाच: समुद्राचं मीठ, आणि बरोबर काळं काही
धक्क्यावरून आलेलं.
एकाच्या खाली: धूर.
कुणाचा, ते कागद सांगत नाही.

"कितें मेळ्ळें?" पिएदाद बाई विचारतात.
वजन झाल्याशिवाय कसं सांगू, मी म्हणते.
त्या खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवतात,
माझ्या नाकासमोर धरतात.
"हें पळय. फुकट."

बोटावर दिसतं ते वरच्या मजल्यांचं.
तळातलं कठड्यावर सहसा बसतच नाही.
पहिल्या आठवड्यात मी हे बोलले नाही.
दुसऱ्यात बोलले.
त्यांनी बोट झग्याला पुसलं, बराच वेळ.
कायतान एकतीस वर्षं बंदरात विंचवर होता.

नोंदवहीत 'शेरा' म्हणून रकाना आहे.
मंगळवार: वारा नैर्ऋत्येचा. दोन जहाजं.
बुधवार: शेजारी पाल्याचा जाळ, वीस मिनिटं.
गुरुवार: सायंकाळी सात, गच्चीखाली खुरसापाशी मेणबत्ती.
त्यांनी ते वाचलं.
शुक्रवारपासून मेणबत्ती विहिरीपलीकडे,
वारा जिकडे जातो तिकडे.
तुझ्या आकड्यांत आमचा मेलेला माणूस नको, म्हणाल्या.

प्रयोगशाळेतला तराजू असा, की
समोर श्वास सोडला तरी आकडा हलतो.
म्हणून मी श्वास धरते. दर कागदाला वीस सेकंद.
तबकड्यांवर ठिपके असतात, रांगोळीसारखे मोजून घातलेले.
शेवटच्या कागदावर ठिपके नाहीत.
जे कुठल्याच वळणावर अडलं नाही, ते त्याच्यावर.
पांढरा गेला होता, राखी आला,
पाटीवरून ओला हात फिरवावा तसा, सगळीकडे सारखा.

आणि एक कागद असतो कोरा.
तो सगळ्यांबरोबर डबीतून जातो,
कदंबाच्या बसने, मग जिना चढून,
गच्चीवर क्षणभर उघडतो, मिटतो.
त्याने हवा ओढायची नसते.
बाकीच्यांतून किती वजा करायचं, एवढंच सांगायचं असतं.

आज तोही अकरा मायक्रोग्रॅम जड निघाला.
बस असेल. माझी बाही असेल.
उतरताना पिएदाद बाई जिन्यात खोकल्या,
तेव्हा डबीचं झाकण माझ्या हातात होतं.

अकरा वजा केले. नियम आहे.
वजा केलेलं कुठे ठेवतात
ते मला कुणी शिकवलं नाही.
शेऱ्यात लिहिलं: जिना.