अठरात सहा

जालन्यात, जुन्या एमआयडीसीत,
मुनीरच्या बेअरिंगच्या दुकानामागं
शनिवारी आम्ही पाच जण पोकर खेळतो.
एक चिंचोका म्हणजे दहा रुपये.
रोलिंग मिल सुरू झाली की बल्ब पिवळा पडतो
आणि किलवर-इस्पिक एकसारखे दिसायला लागतात.

मी बियाणं तपासणारा माणूस.
ओल्या कागदावर शंभर दाणे मांडतो, गुंडाळी करतो,
आठव्या दिवशी मोड आलेले मोजतो.
कुठला दाणा उगवेल, हे मला कुणीच विचारत नाही.
शंभरात किती, एवढंच.

पत्त्यांत मात्र वर्षभर एकच दाणा शोधत बसलो:
मुनीरकडं एक्का असेल? का नव्व्या?
मुंढे तर त्याच्या नाकपुड्या बघून सांगायचा,
अन् हरायचा.

त्या रात्री खाली पाच पानं उघडी.
चौकटचा राजा, किलवरची नव्वी, किलवरचीच चौकी,
इस्पिकची दुर्री,
शेवटी बदामची सत्ती, कुणाच्याच कामाची नसलेली.
माझ्याकडं बदामचा राजा, इस्पिकचा एक्का.
मधे साठ चिंचोके.
मुनीरनं चाळीस सरकवले.
"बोलो साब."

डोळे मिटले,
तर त्याच्या मुठीत दोन पत्ते दिसेचनात,
अख्खी गुंडाळीच उलगडली.
नव्व्यांची जोडी तीन तऱ्हांनी, चौक्यांची तीन,
राजा-नव्वी सहा.
हे बारा मला मारणारे.
आणि किलवरच्या रंगासाठी थांबलेले,
रंग हुकलेले, आता नुसतेच रेटणारे?
मुनीर तसा भित्रा. त्यातले सहाच धरले.
अठरात सहा. शंभरात तेहतीस.
चाळीस घालून एकशेचाळीस उचलायचे,
त्याला शंभरात एकोणतीस पुरतात.

घातले.

मुनीरनं दोन नव्व्या मांडल्या.

"लई हिशेब करतो बे हा," मुंढे खिदळला,
"नाकपुड्या बघायच्या ना!"
चिंचोके ओंजळीनं ओढताना मुनीर हळूच म्हणाला,
"मेरे हिसाब से तू भी अकेला नै था, साब.
दस-बारा जने बैठे थे तेरी कुर्सी पे."

सोमवारी हरभऱ्याची गुंडाळी सोडली.
अठ्ठ्याऐंशी. लॉट पास.
उरलेले बारा ओले, फुगलेले, गप्प.
एरवी सरळ कचऱ्यात जातात.
त्या दिवशी तळहातावर घेतले
आणि सही करायची राहिली
बराच वेळ.