सहा तास

पुंता अरेनास. बुधवारपासून वारा,
सामुद्रधुनी बंद, फेरी पलीकडे अडकलेली.
आणि पलीकडेच एलेउतेरियो कार्कामो,
मेंढ्यांची लोकर कातरणारा. घशात गाठ.
पस्तिसांतले बावीस डोस झालेले.

तीन दिवस त्याच्या वेळेला यंत्र रिकामं.
गाठीला फेरी लागत नाही.
ती तिथेच वाढते, आम्ही कमावलेलं
रोज थोडं थोडं खाते.

शुक्रवारी रात्री मी आकडे मांडते.
दोन ग्रे, पस्तीस वेळा, सत्तर.
पण हे सत्तर गाठीला चौऱ्याऐंशी लागतात,
शेजारच्या निरोगी मांसाला एकशे सतराच्या घरात.
किरण तोच. ज्याच्या त्याच्या अंगी वेगळा.

'उरलेला एकेक डोस वाढवू या का?'
डॉक्टर यास्ना फोनवर.
नको. मज्जारज्जू काही विसरत नाही.

मग डोस तेवढाच, पण तीन दिवस दोनदा:
सकाळी आठ, दुपारी दोन.
मध्ये सहा तास, त्याहून कमी नाही.
तेवढ्यात चांगल्या पेशी
तुटलेले धागे पुन्हा ओवून घेतात,
असं आम्ही धरून चालतो.
माझ्या सूत्रात त्या तासांना अक्षर नाही.

रविवारी पहिली फेरी सुटली.
सोमवारी, आठचा डोस झाल्यावर,
त्यानं पावतीच्या मागे लिहिलं:
एवढा वेळ बसू कुठे?
मी खिडकीजवळची खुर्ची दाखवली.

दोन वाजता पाहिलं तर झोपलेला,
बूट काढून शेजारी, जोडीनं.
उठवायला मी दहा मिनिटं उशीर केला.

अंतर वाढलेलं चालतं.