मुकी वर्षं

नोव्हेंबरात एर्मिताजच्या उतारावरची तिसरी भिंत बसली.
रात्रभर पाऊस, पहाटे एकदाच धडधड,
आणि सत्तर वर्षांच्या वेली
मुळं वर करून रस्त्यावर.
ओंबलीनबाई गमबूट घालून आल्या, बघून म्हणाल्या,
“माती बाजूला ढीग करून ठेवा. ती आपली आहे.”

इथली माती दर पावसात खाली येते
आणि आम्ही तिला पाठीवर घेऊन परत वर नेतो.
टोपलीचा पट्टा खांद्यावर जिथे रुततो
तिथे माझ्या सगळ्या सदऱ्यांचा रंग उडालेला.
आगगाडीतून जाणारे खिडकीतून बोट दाखवतात :
काय टेकडी, काय तिच्यावरचं ऊन!
टेकडी जागेवर उभी असते
असं त्यांना वाटतं.

गवंडी आला नदीपलीकडून, सेलेस्तँ नावाचा.
चुना नाही, सिमेंट नाही.
एकेक दगड हातात फिरवून तो त्याचं तोंड शोधायचा,
सापडलं नाही तर दगड खाली ठेवून
दुसऱ्या दिवशी पुन्हा उचलायचा.
त्याची मजुरी कुठून आली, कुणी विचारलं नाही.
तळघरातल्या फळीवर
धुळीत अकरा गोल उमटले होते.
बारावी बाटली तेवढी उभी.

बाटल्या फुल्क्राँच्या हातच्या, त्र्याऐंशी सालच्या, पांढऱ्या.
मला तो शिकवायचा :
ही पहिली तीन-चार वर्षं बडबडते,
मग एके दिवशी तोंड मिटते.
दहा वर्षं म्हण, बारा म्हण,
घुम्यासारखी बसते. वास नाही, चव नाही.
लोक समजतात बिघडली, आणि रश्शात ओततात.

एक्याण्णवला त्याने एक उघडली होती.
घोट तोंडात धरून
बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला.
“नाही बोलत,” म्हणाला. “राहू दे.”
त्याच वसंतात, छाटणी करताना, ओळीच्या मधोमध
तो खाली बसला तो बसलाच.
कात्री वेलीला तशीच अडकलेली.

बाईंनी त्यानंतर ती फळी ना विकली ना उघडली.
भिंत पडेपर्यंत.

मार्चमध्ये शेवटचा दगड बसला, त्या संध्याकाळी
तिघं स्वयंपाकघरात. मोहरीच्या बरण्यांचे ग्लास,
बकरीच्या दुधाचं चीज, कालचा पाव.
बूच अर्ध्यात तुटलं,
उरलेलं बाईंनी विणायच्या सुईने आत ढकललं.
रंग न घासलेल्या पितळेचा.
वास : काही नाही.
सेलेस्तँ म्हणाला, “छान आहे,”
आणि खोटं बोलल्यासारखा चीजकडे वळला.

मग आम्ही दगडांबद्दल बोलत बसलो.
कुणाच्या बापाने कुठली भिंत चुकीची रचली,
यंदा धुकं किती दिवस टिकलं.
अर्धा तास गेला असेल.
सेलेस्तँ बोलता बोलता थांबला.
ग्लास नाकाशी नेला, खाली ठेवला, परत नेला.
मेण होतं, बिही होती, भाजलेला अक्रोड होता,
पण तो म्हणाला, “नाही, नाही, त्याच्या मागे बघा,”
आणि मागे होता
छिन्नी घसरून दगडाला लागल्यावर उडतो तो वास.
त्याच्या धंद्यातला. त्याला कोण फसवणार.

बाईंनी एक घोट घेतला.
“गोड नाहीये,” म्हणाल्या. “मला वाटलेलं गोड असेल.”
दुसरा घेतला.
“एवढं सगळं होतं पोटात, तर तेव्हाच का नाही—”
पुढचे शब्द त्यांनी गिळले.
हे बाटलीला म्हणाल्या की कुणाला,
मी टेबलावरचे पावाचे कण गोळा करत राहिलो.

बाहेर मिस्त्राल सुटला होता, दाराची कडी वाजत होती.
उरलेल्या तीन बोटांत
त्यांनी कुणाला वाटा दिला नाही.
एकट्या बसून, सावकाश,
मधूनच मान हलवत, जसं कुणाचं तरी लांबलेलं म्हणणं
मधे न तोडता ऐकावं.

मग बुचाचा वरचा तुकडा ॲप्रनच्या खिशात टाकला,
ग्लास विसळले, आणि दिवा मालवताना मला म्हणाल्या,
“सकाळी सातला ये.
रस्त्यावर अजून चाळीस टोपल्या माती पडलीय.”