इन्नोंद सल

आवाज यायचा, पाणी यायचं नाही.
बटण दाबलं की बॉनेटखाली कुणीतरी
तोंडात सुपारी धरून हुंकार द्यायचं
आणि काचेच्या पायथ्याशी दोन थेंब,
तेही डावीकडेच.

चोर्ल्याच्या घाटात वायपर कोरडा फिरवला त्या दिवशी.
पुढं लाकडाचा ट्रक, आणि काचेवर
गेरूनं सारवलेला अर्धगोल.
खानापूरला घरी येईपर्यंत मान खिडकीबाहेर.

ब्याऐंशीची पद्मिनी. विकताना डॉक्टर साणिकोप म्हणाले होते,
"सगळं चालूलालंय की ओ, फक्त नळाला पाणी नाही."

हायस्कूलच्या प्रयोगशाळेत तेहतीस वर्षं काढलेली बाई मी,
एकदम पंपावर आळ घेत नाही.
आधी भोकं. टाचणी घातली, क्षाराचा दाणा निघाला.
मग नळी. कडक झालेली, पण चीर नाही.
मग तार. चाचणीचा दिवा चांगला पिवळा पेटला.
शेवटी पंप बादलीत बुडवला
नि नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला.
कानाला पटत होतं.
अंगठ्याला नाही.

बेळगावात इस्माईल नदाफनं
भंगारातल्या आठशेचा पंप उपसून दिला.
"शंभर द्या. चालला नाही तर परत आणू नका."

बाटलीचं भोक मोठं, पंपाचं तोंड लहान.
सायकलच्या ट्यूबची चकती कापली, थुंकी लावून बसवली.
नळी उलटी जोडली. काढली. पुन्हा जोडली.
गुडघ्यानं दोनदा माझं नाव घेतलं.

गाडीच्या पाठीमागं, कुंपणापलीकडं,
बसवणेप्पा अंगडी कट्ट्यावर कन्नड पेपर वाचत बसलेले.
मी बटण दाबलं.

पाणी काचेला शिवलंच नाही.
टपावरून, डिकीवरून, जास्वंदीवरून
थेट अंगडींच्या टकलावर.

पेपर हळूहळू खाली आला.
चष्म्याच्या दोन्ही काचा भरलेल्या,
मिशीच्या टोकाला एक थेंब, पडू की नको करत.
एकवीस वर्षांच्या शेजारात
आमच्यात रामराम आणि कचऱ्याची गाडी, एवढंच बोलणं.

"इन्नोंद सल," ते म्हणाले.
आणखी एकदा.

मी दाबलं.

मग टाचणीनं दोन्ही भोकांची नजर खाली वळवली,
तोवर ते कुंपणाशी येऊन उभे.
"पाणी कुठलं?"
"आमच्या आडाचं."
"मग परत चिकटतंय बघा," चष्मा धोतराला पुसत
आता मराठीत म्हणाले,
"आमच्याकडचं न्या. उकळून गार केलेलं हाय."